आयरिश फिडल कागदावरून येत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

प्रौढ वयात वाद्य शिकू पाहणाऱ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता. लेख चांगला आहे, त्यातला धीर देणारा सूर तर फारच आवडला. पण एका विधानाशी अडले. पाश्चात्त्यांचं संगीत कागदावर लिहिलेलं असतं, त्यामुळे ते पुस्तक समोर ठेवून घरच्या घरी शिकता येतं. गुरुमुखातून घ्यावं लागतं ते आपलंच, अशा आशयाचं ते विधान आहे. मी आयर्लंडच्या पश्चिमेला, काउंटी क्लेअरमधल्या एनिस गावात राहते. एका प्रयोगशाळेत नोकरी करते आणि पन्नाशी उलटल्यावर इथलं पारंपरिक फिडल शिकायला बसले आहे. आमच्या वर्गात कागद आणायलाच बंदी आहे. म्हणून हे पत्र.

वाद्य म्हणाल तर ते व्हायोलिनच. त्याच चार तारा, तीच जुळणी: जी, डी, ए, ई, प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात. आपल्याकडे बैठक मारून, वाद्याचं टोक पायाशी टेकवून वाजवतात. डावा हात तारेवरून घसरत लांब मींड काढतो. इथे खुर्चीवर बसून वाजवतात, सुराला कधी खालून हलकंसं सरकत भिडतात तेवढंच. कंप जवळजवळ नाही. डावा हात पहिल्या जागेवरून सहसा हलत नाही. बोटं काय करतात हे चार महिन्यांत कळू लागतं. उजवा हात, म्हणजे गज, काय करतो हे कळायला किती वर्षं लागतात ते वर्गातल्या कुणालाच विचारायची हिंमत होत नाही.

वर्ग भरतो तो प्राथमिक शाळेच्या खोलीत, संध्याकाळी, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर. आठ-दहा वर्षांची मुलं आणि आम्ही चार-पाच केस पांढरे झालेले, सगळे एकाच गोलात. इथे शिक्षकांना सर्रास पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघत नाही, म्हणून मी त्यांना कशानेच हाक मारत नाही. मनात मात्र बाई म्हणते. बाई आधी अख्खी धून वाजवून दाखवतात. मग फिडल मांडीवर ठेवून ती तोंडाने म्हणायला लावतात, डिडल-डी, डाउ-डल अशा निरर्थक अक्षरांत. याला लिल्टिंग म्हणतात आणि राष्ट्रीय महोत्सवात त्याची स्वतंत्र स्पर्धाही असते. पूर्वी घरात वाद्य नसलं की नाचायला तेवढंच पुरे व्हायचं. तोंडात बसलं की दोन बारांचा तुकडा वाद्यावर घ्यायचा. बार म्हणजे इथलं छोटंसं आवर्तन. बाई वाजवणार, आम्ही सगळे, पुन्हा बाई, पुन्हा आम्ही, मग एकेकाने. आपल्याकडच्या शिकवणीत बसलेल्या कुणालाही हे परकं वाटणार नाही.

मोठ्यांना लिहून घ्यायची खोड असते. आमच्यातले एक निवृत्त जर्मन गृहस्थ पहिल्या दिवशी पाश्चात्त्य स्वरलिपीची पाच रेघांची वही आणि दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन आले होते. बाईंनी हसत ती वही उचलून खिडकीत ठेवली. माझ्या शेजारी बसणारी आठ वर्षांची मुलगी काहीच लिहीत नाही, बाईंच्या हाताकडेही बघत नाही. बुटाने जमिनीवर ठेका धरते, खिडकीबाहेर बघते आणि तिसऱ्या फेरीला तो तुकडा तिच्या हातात असतो. हेवा वाटतो, आणि तो वाटणं ठीकच आहे.

आता कागद का चालत नाही, ते सांगते. धूनेचा सांगाडा अगदी साधा असतो. आठ-आठ बारांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, म्हणजे एकूण बत्तीस बार. नाचाच्या लयीत अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते, मग ती पुन्हा सुरुवातीपासून. आठ बारांतले पहिले दोन बहुधा पाचव्या-सहाव्या बारला परत येतात आणि दोन्ही भागांचा शेवट अनेकदा एकसारखाच असतो. म्हणजे नवं असं थोडंच शिकायचं असतं. एवढं सगळं कागदावर अर्ध्या पानात मावतं. कुणी लिहून दिलं तर सूर वाचून वाजवताही येईल. मात्र ते ऐकून इथला कुणीही माणूस पाय हलवणार नाही.

पहिली अडचण लयीची. जिग नावाचा नाचाच्या धुनेचा प्रकार सहा आठांशांचा, म्हणजे दर बारात सहा छोटे सूर, तीन-तीनच्या दोन गटांत. दादरा कानात असलेल्या माणसाला तो जवळचा वाटतो. कागदावर सहाही सूर सारख्या लांबीचे लिहिलेले असतात. वाजवताना मात्र प्रत्येक तिनातला पहिला किंचित लांबतो, दुसरा चोरला जातो आणि तिसरा पुढच्या गटाकडे ढकलतो. किती लांबवायचा, किती चोरायचा, याचं माप नाही. ते गावागणिक बदलतं. रील हा दुसरा प्रकार. ती चारच्या लयीत असते आणि बारात आठ सूर येतात. तिथेही तेच. यंत्रासारखे आठ सारखे सूर वाजवले की बाई फिडल खाली ठेवतात आणि म्हणतात, आता हे चालून दाखव. मग आम्ही खोलीत चालतो. मुलांना मजा वाटते, आम्हाला घाम फुटतो.

दुसरी गोष्ट नक्षीची. इथल्या अलंकारांतला मुख्य म्हणजे रोल. मूळ सूर, त्यावर वरच्या बोटाची एक टिचकी, परत मूळ सूर, खालच्या बाजूने एक टपली, परत मूळ सूर, आणि हे सगळं एका गजात, तीन आठांशांच्या जागेत. ऐकताना ती आपल्या मुरकीची चुलत बहीण वाटते, आणि मी पुष्कळ दिवस ती तशीच वाजवत होते. फरक असा की मुरकीत प्रत्येक सूर कानाला कळावा लागतो, तर इथल्या टिचकीला स्वतःचा सूर असताच कामा नये. बोट तारेला शिवतं न शिवतं तोच उचलायचं. ऐकू येते ती सुरात पडलेली एक खाच. कागदावर या जागी एक छोटंसं चिन्ह असतं किंवा काहीच नसतं, कारण रोल घ्यायचा की नाही हे वाजवणाऱ्याने त्या फेरीपुरतं ठरवायचं असतं.

सुरांचं सांगायचं तर आपल्याकडच्या कानाला थोडा फायदा होतो, तो मी बिनदिक्कत घेते. इथल्या पुष्कळ धुना मेजर-मायनर या पाश्चात्त्यांच्या दोन नेहमीच्या स्वरचौकटींच्या खणांत बसत नाहीत. कित्येकांचे सूर काफी थाटाचे, कित्येकांचे खमाज थाटाचे. जर्मन गृहस्थ ज्या कोमल निषादाशी झगडत होते तो मला आपोआप लागला. आणखी एक गंमत: डी हा षड्ज धरला की सी हा निषाद. काही जुने वादक तो ना धड कोमल, ना धड शुद्ध, असा मधोमध लावतात. पियानोला ती जागा माहीत नाही, आणि पाच रेघांच्या लिपीतही तिच्यासाठी नेहमीचं चिन्ह नाही. बाईंनी तो सूर लावला तेव्हा मी एकटीच मान डोलावली.

पण खरी मेख गजात आहे. एका गजात किती सूर घ्यायचे आणि गज कुठे उलटायचा, यावर सगळं अवलंबून असतं. नवशिक्याला वाटतं, ठेक्याच्या सुरावर गज उलटावा. इथे पुष्कळदा उलट करतात. ठेक्याच्या आधीच्या सुरावर गज फिरवायचा आणि ठेक्याचा सूर त्याच ओढीत सामावून घ्यायचा. त्यामुळे लय पुढे झुकते. छापील संग्रहांत गजाची दिशा बहुतेक दिलेलीच नसते, आणि ती देऊन चालणारही नाही, कारण ती प्रांताप्रांताची बोली आहे. उत्तरेला डोनेगॉलमध्ये बहुतेक सुरांना स्वतंत्र गज, छोटे आणि खणखणीत. तिकडचे जॉन डोहर्टी हे हाडाचे कलाकार, व्यवसाय कल्हईवाल्या-पत्रेवाल्यांचा, गावोगाव पायी हिंडत वाजवायचे. स्लायगोचं वाजवणं वेगवान, नक्षीदार, वाहतं. कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या स्लीव्ह लुआखरा भागात पोल्का आणि स्लाइड हे नाचाचे प्रकार जास्त, गजात नाचाचा धक्का. आणि आमचं क्लेअर संथ. मार्टिन हेज या पूर्व क्लेअरच्या वादकाचं वादन ज्यांनी ऐकलं असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. एकच रील इतकी सावकाश की दोन सुरांमधली जागाही ऐकू येते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग कागद इथे कधी नव्हताच की काय? होता, आणि भरपूर होता. म्हणूनच आपल्या लेखकांचं विधान सरसकट चूक आहे असंही मी म्हणत नाही. या संगीताचा गाजलेला मोठा संग्रह १९०३ साली शिकागोत निघाला, १८५० धुनांचा. तो जमवणारे फ्रान्सिस ओ'नील मूळचे काउंटी कॉर्कचे, आणि तेव्हा शिकागोचे पोलीस प्रमुख! ते बासरी वाजवत, शेकडो धुना त्यांना तोंडपाठ होत्या, पण सुरांची लिपी लिहिण्यात हात तयार नव्हता. ते धून ऐकवणार आणि जेम्स ओ'नील नावाचे त्यांचे सहकारी, आडनाव एक पण नातं नाही, ती उतरवून घेणार. म्हणजे ज्या पुस्तकावर पुढच्या पिढ्या वाढल्या तेही एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जाऊन मग छापलं गेलं.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. स्लीव्ह लुआखराचे पॉड्रिग ओ'कीफ (१८८७ ते १९६३) आधी शाळामास्तर होते. ती नोकरी सुटली आणि ते घरोघरी, मैलोन् मैल चालत, फिडल शिकवत फिरले. शिष्यांना लिपी येत नसे, म्हणून त्यांनी स्वतःची सोपी युक्ती काढली. पाच रेघांमधल्या चार मोकळ्या जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, आणि त्या जागांत लिहिलेले आकडे म्हणजे बोटं. शून्य असेल तर मोकळी तार. मास्तरांनी समोर वाजवायचं, शिष्याने ऐकायचं, आणि मास्तर निघून गेल्यावर विसर पडू नये म्हणून मागे तो कागद. डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड ही फिडलवादक भावंडं याच मास्तरांकडे तयार झाली. कागदाची जागा इतपत असावी असं माझं मत आहे. मीही घरी एक वही ठेवते, तिच्यात प्रत्येक धुनेचे पहिले दोन बार सरगममध्ये लिहिलेले. बाईंना ते माहीत आहे, त्या काही बोलत नाहीत. सुरुवात आठवली की पुढचं हात सांगतो. अडतं ते नेहमी सुरुवातीलाच.

कागदापेक्षा मला भीती ध्वनिमुद्रणाची वाटते. स्लायगोचे मायकल कोलमन १९१४ साली अमेरिकेला गेले आणि १९२१ पासून न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या तबकड्या निघू लागल्या. त्या तबकड्या बोटीने परत आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत आल्या. वादन इतकं अप्रतिम होतं की ज्या गावात पूर्वी शेजारच्या म्हाताऱ्याकडून शिकत, तिथली पोरं तबकडीतल्या माणसाची नक्कल करू लागली. कित्येक गावांची स्वतःची ढब त्यात पुसट झाली. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, गती निम्म्याने कमी करून ऐकवणारी ॲप आहेत. मी ती वापरते, नवशिक्याने वापरावीतच. पण एकाच वादकाचं एकच मुद्रण शंभरदा ऐकलं की त्या दिवशी त्या माणसाने सहज घेतलेला एखादा वळसा आपल्याला नियम वाटू लागतो. म्हणून बाई तासाच्या शेवटी धून मुद्रित करू देतात ती दोन फेऱ्यांत, आणि दोन्ही फेऱ्या मुद्दाम वेगळ्या वाजवतात.

माझ्याकडचं फिडल शेजारच्या शेतकऱ्यांचं आहे. ऐंशीच्या घरातले गृहस्थ आहेत. वाद्य त्यांच्या वडिलांचं. ते वडील लोकांच्या स्वयंपाकघरांत नाचासाठी वाजवायचे. १९३५ साली इथे सार्वजनिक नाचांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला, आणि पाद्री व पोलीस यांनी त्याचा बडगा घरच्या नाचांवरही उगारला. नाच परवान्याच्या सभागृहांत गेला, तिथे मोठे केली बँड, म्हणजे नाचासाठी वाजवणारे वाद्यवृंद, आले, आणि एकट्या फिडलवाल्याचं काम कमी होत गेलं. शेजाऱ्यांनी हे मला राग न ठेवता, चहा ओतता ओतता सांगितलं. मी काही वाजवलं की त्यांची सूचना एकच असते: घाई करू नकोस, नाचणाऱ्याला पाय टेकवायला वेळ दे. बाई हेच पाऊण तास समजावून सांगतात.

सेशनबद्दल न लिहिता पत्र संपवता येणार नाही, कारण पर्यटकांना ते मैफिलीसारखं वाटतं. ती मैफिल नव्हे. पबच्या कोपऱ्यात वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात, ऐकणाऱ्यांकडे पाठ झाली तरी चालते. दोन-तीन धुना जोडून वाजतात, पुढची कोणती हे आधी कुणी सांगत नाही. सुरुवात करणाऱ्याने नुसती भुवई उचलली की सगळे वळतात. कागद समोर ठेवणारा तिथे चालतच नाही. नवख्याने वादकांच्या गोलाबाहेर बसावं, आणि येत नसलेली धून चाचपडत वाजवू नये. गज न टेकवता नुसती बोटं फिरवली तर कुणाची हरकत नसते. कधीतरी एखादा मुरलेला वादक वळून म्हणतो, तुझ्याकडे आहे का एखादी? तेव्हा नाही म्हणायचं नाही. एकच येत असली तरी ती संथपणे सुरू करायची. बाकीचे तुमच्या लयीत येतात, तुमची लय वाढवत नाहीत. माझी पहिली धून एक पोल्का होती, आणि कोपऱ्यातल्या सहा जणांनी ती माझ्या गोगलगाईच्या लयीत शेवटपर्यंत वाजवली.

आपल्या वृत्तपत्राची ई-आवृत्ती डब्लिन, कॉर्क, लिमरिककडच्या मराठी घरांत वाचली जाते हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. सुरुवात पोल्कापासून करा, सूर कमी असतात आणि गज सरळ ठेवायला उसंत मिळते. वाद्य आधी भाड्याने किंवा उसनं घ्या. विकत घ्यायचंच तर घोडी आणि खुंट्या जाणकाराकडून नीट बसवून घ्या. न बसवलेल्या स्वस्त वाद्यावर तारा बोटांना कापतात आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. गजाला राळ लावा, वाजवून झाल्यावर त्याचे केस सैल करा. १९५१ साली स्थापन झालेल्या कोल्तस क्योलतोरी एरन या संस्थेच्या शाखा देशभर आहेत, त्यांच्याकडे संध्याकाळचे वर्ग आणि पुष्कळ ठिकाणी नवशिक्यांसाठी संथ सेशनही असतात. मुलांबरोबर मोठ्यांनाही घेतात.

आणि जमल्यास जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्लेअरच्या किनाऱ्यावर मिलटाउन मॉलबेला या. पाइपवादक विली क्लॅन्सी १९७३ साली गेले, त्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे उन्हाळी शाळा सुरू झाली. आठवडाभर सकाळी शाळांच्या खोल्यांत, सभागृहांत, लोकांच्या घरांत वर्ग भरतात आणि दुपारपासून रात्रीपर्यंत रस्त्यावर दर दोन दारांआड कुणीतरी वाजवत असतं. फिडलच्या वर्गांत अगदी नवख्यांनाही जागा असते. राहायची सोय मात्र फार आधी करा. त्या आठवड्यात गावात खोली मिळत नाही, लोक शेतात तंबू ठोकतात, आणि तिथला जुलै पावसाचाही असतो.

आपली,
एक वाचक
एनिस, काउंटी क्लेअर, आयर्लंड